बांधीव खंड फोडू का? जुन्या कॉमिक्सचं मोल नेमकं कशात असतं

महालचा_वाचक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका निर्णयावर अडलो आहे आणि तो एकट्यानं घ्यायची हिंमत होत नाही, म्हणून हा धागा.

मागच्या महिन्यात महालातली एक जुनी भाड्याची लायब्ररी कायमची बंद झाली. केळीबाग रोडच्या मागच्या गल्लीत, एका वाड्याच्या ओसरीवर ती चालायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आणे रोजानं कॉमिक्स घरी न्यायला मिळायची, तिथेच ओसरीवर बसून वाचलं तर त्याहून कमी. चालवणाऱ्या काकांचं वय झालं, वाडा पाडायला निघाला, तेव्हा त्यांनी सगळा माल काढला. कादंबऱ्या कुणीतरी आधीच नेल्या होत्या. कॉमिक्सची तीन पोती उरली होती, ती मी रद्दीच्या भावानं, काट्यावर वजन करून घेतली.

घरी पोती उपसली तर बहुतेक इंद्रजाल कॉमिक्स निघाली, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांची ती जुनी मालिका. हिंदी जास्त, मराठी कमी. आपल्याकडे ते तसंच असणार. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी. आमच्या गल्लीतली निम्मी मुलं ‘वेताळ’ (म्हणजे इंग्रजीतला मुखवटेवाला फँटम) वाचायची, निम्मी ‘वेताल’, आणि भांडणं मात्र एकाच गोष्टीवरून व्हायची.

काकांनी पाच-पाच अंक एकत्र शिवून त्यांची पुठ्ठाबांधणी केली आहे. पाठीला काळं कापड, पुठ्ठ्यावर तपकिरी कागद, त्यावर लाल शाईत खंडाचा नंबर. अशाच एका खंडात मधोमध इंद्रजालचा देशी नायक बहादूर, त्याचा पहिला अंक सापडला. डिसेंबर १९७६.

त्याचा फोटो संग्राहकांच्या एका गटात टाकला आणि त्याच रात्री बाहेरगावच्या एका गृहस्थांचा निरोप आला. त्या एका अंकासाठी ते जी रक्कम देऊ म्हणतात, ती मी तिन्ही पोत्यांना मिळून दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट आहे. अट एकच: खंड फोडून अंक सुटा करून पाठवायचा.

मी चार दिवस तो खंड टेबलावर ठेवून बघतो आहे. फोडला तर एक अंक ‘अंक’ होतो आणि बाकीचे चार मोकळे पडतात. नाही फोडला तर तो लायब्ररीचा एक जाडजूड खंड राहतो, ज्याला संग्राहकांच्या बाजारात फारसं कुणी विचारत नाही. जुनं कॉमिक्स महत्त्वाचं होतं ते नेमकं कशामुळे? वयामुळे? दुर्मीळपणामुळे? जाणत्यांनी मोकळेपणानं लिहा.

इतवारीकर

फोडू नका. कारण रात्री दुकान बंद केल्यावर सविस्तर लिहितो, पण तोवर कैची-ब्लेड काही लावू नका.

कागदवेडा

दादा, आधी मनापासून अभिनंदन. बहादूरचा पहिला अंक नागपुरात, तोही मागच्या पानासकट, मी पंधरा वर्षांत पाहिला नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर वयात नाही. माझ्याकडे चाळीस-पन्नास वर्षांची कितीतरी कॉमिक्स आहेत ज्यांना कुणी हात लावत नाही. संग्राहक पहिली गोष्ट विचारतो ती ही, की या अंकात पहिल्यांदा काय घडलं. अमेरिकेत ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, जून १९३८, किंमत दहा सेंट. त्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला. त्याच्याही आधी कॉमिक्स निघत होती, त्यांचं वय जास्त आहे, पण त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. स्पायडरमॅनचं तर आणखी बोलकं उदाहरण आहे. ‘अमेझिंग फँटसी’ हे मासिक बंदच पडत होतं, ऑगस्ट १९६२ चा पंधरावा अंक त्याचा शेवटचा. त्या शेवटच्या अंकात स्पायडरमॅन जन्मला, म्हणून २०२१ मध्ये त्याची एक प्रत ३६ लाख डॉलरना गेली.

दुसरी गोष्ट, किती प्रती उरल्या. ‘अ‍ॅक्शन’चा पहिला अंक दोन लाखांच्या आसपास छापला होता, आज शंभरेक प्रती उरल्या असाव्यात असं मानतात. मुलांनी वाचून फाडल्या, आयांनी रद्दीत घातल्या, आणि महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या त्यात ढिगानं गेल्या.

तिसरी गोष्ट प्रतीची अवस्था. २००० साली तिकडे अंकांना दहापैकी गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देणारी संस्था सुरू झाली आणि सगळा बाजार त्या आकड्याभोवती फिरायला लागला. पण आकडा म्हणजे सगळं नव्हे. ‘अ‍ॅक्शन’ची ९.० गुणांची प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना गेली. त्यानंतर २०२४ मध्ये ८.५ गुणांची, म्हणजे किंचित उणी प्रत ६० लाख डॉलरना गेली. मधल्या दहा वर्षांत प्रत सुधारली नव्हती, त्या अंकाची ओढ वाढली होती.

तुमच्या अंकात पहिली गोष्ट शंभर टक्के आहे, दुसरी बऱ्यापैकी आहे, तिसरी मात्र बांधणीमुळे अडली आहे. त्या गृहस्थांना सुटी प्रत हवी, ती त्यासाठी. मी असतो तर चांगल्या कारागिराकडून सोडवून घेतली असती.

प्राची_धरमपेठ

मला यातलं फार कळत नाही, पण एक शंका. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ चा ना? मग महत्त्वाचा तो असायला हवा. बारा वर्षांनी आलेला बहादूर कसा काय त्याच्या पुढे?

महालचा_वाचक

प्राचीताई, शंका बरोबर आहे आणि यावर माझं मत अगदी पक्कं आहे.

१९६४ च्या त्या पहिल्या अंकात वेताळ आहे, वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट. पण वेताळ तिथे जन्मला नाही. ली फॉकनी तो १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू केला होता. आपल्याकडेसुद्धा इंग्रजी वाचणाऱ्या घरांत तो चाळीसच्या दशकापासून ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून येत होता. म्हणजे इंद्रजालच्या पहिल्या अंकात आला तो पाहुणा, दुसऱ्या गावाहून राहायला आलेला. पहिले ३२ अंक फक्त त्याचेच. मग मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर आले. सगळे बाहेरचे.

बहादूर मात्र इंद्रजालच्या अंकातच पहिल्यांदा जन्मला. आबिद सुरतींनी तो लिहिला. डाकू भैरवसिंहाचा मुलगा, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीनं बाप गेला त्याच अधिकाऱ्यानं वाढवलेला. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. त्याला ना मुखवटा, ना जादू. गावातल्या माणसांना एकत्र करून तो डाकूंच्या विरोधात नागरिक सुरक्षा दल उभं करतो. वेताळ आवडायचा, पण तो गुहेत राहायचा. बहादूर राहायचा तसली गावं मी कामठी रोडनं बसमधून जाताना खिडकीतून बघत होतो. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक आतून कळतो, कुणी समजावावा लागत नाही.

म्हणून जगात इतरत्र कुठेही आधी न छापलेला, इथल्या माणसानं इथल्या मुलांसाठी केलेला तो नायक ज्या अंकात पहिल्यांदा दिसला, तो माझ्या लेखी १९६४ च्या अंकापेक्षा मोठा.

दंडकारण्य

मी सहमत नाही, आणि मोठ्या आदरानं सांगतो.

पहिल्या अंकानं फक्त वेताळ आणला नाही. महिन्याला रंगीत कॉमिक्स घ्यायचं, त्याची वाट बघायची, मित्राशी अदलाबदल करायची, ही सवय या देशातल्या मुलांना त्यानं लावली. ती सवय नसती तर १९७६ मध्ये बहादूर कुणाच्या हातात पडला असता? अमर चित्रकथेचे अनंत पै इंद्रजाल काढणाऱ्या टाइम्सच्या घरातच त्या कामात होते, आणि १९६७ मध्ये त्यांनी आपली वेगळी वाट काढली.

शिवाय वेताळ जसाच्या तसा आणला असंही नाही. मूळ गोष्टीतल्या देशाचं नाव वाचून आपल्याकडे बंगालची आठवण झाली असती, म्हणून त्याचं ‘डेंकाली’ केलं. हे बारीक वाटतं, पण कुणीतरी टेबलाशी बसून इथल्या वाचकाचा विचार केला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं कुणाची? बी. गोविंद यांची. तेच गोविंद ब्राह्मणिया, ज्यांनी पुढे बहादूर काढला. तुम्ही ज्याला पाहुण्याचं घर म्हणता, त्या घराचा दरवाजा रंगवणारा हात आणि बहादूरला चेहरा देणारा हात एकच आहे, दादा. या दोन अंकांना एकमेकांच्या विरोधात उभं करू नये.

महालचा_वाचक

दंडकारण्यभाऊ, गोविंद ब्राह्मणियांचा मुद्दा मान्य. दोन्ही नावं मला माहीत होती, पण ती अशी शेजारी ठेवून मी कधी बघितली नव्हती. आत्ता उठून १९६५ चं एक मुखपृष्ठ आणि बहादूरचा अंक जवळ ठेवून पाहिले. डोळ्यांखालची सावली बघा, दोन्हीकडे कुंचल्याचा तोच एक जाड फटकारा आहे. मत बदललं नाही, पण माझ्या ‘पाहुणा’ या शब्दावर मी आता अडून बसणार नाही.

मानकापूरचा_अमित

मी नवीन आहे. सध्या जुन्या कॉमिक्सचे नव्यानं छापलेले संच मिळतात ते घेतोय, प्लास्टिक न फोडता ठेवतोय. पुढे त्यांना किंमत येईल का? आणि इंद्रजालचा पूर्ण संच करायचा आहे, १२३ आणि १२४ नंबर कुठेच मिळत नाहीत. कुणाकडे असतील तर सांगा, योग्य पैसे देईन.

कागदवेडा

अमित, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात तुमचे पैसे बुडू शकतात. १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत. संपामुळे छपाई थांबली होती आणि नंतर नंबर पुढे गेले. १९९० मध्ये मालिका बंद झाली तोवर एकूण ८०३ अंक निघाले. कुणी हे दोन नंबर देतो म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

आता पहिला प्रश्न. वाचायला घेत असाल तर बिनधास्त घ्या, सुंदर काम आहे. किंमत येईल म्हणून घेत असाल तर थांबा. अमेरिकेत १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा एक नवा पहिला अंक निघाला, वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी, ८० लाखांहून जास्त प्रती. लोकांनी पाच-पाच, दहा-दहा घेऊन पेट्यांत बंद करून ठेवल्या, मुलांच्या कॉलेजचा खर्च निघेल म्हणून. आजही त्या प्रती कोऱ्या करकरीत आहेत, आणि म्हणूनच त्यांना मोल नाही. सगळ्यांनी जपलं तर दुर्मीळ काय राहणार? तो फुगा फुटला तेव्हा दुकानं गेली, आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द ‘एक्स-मेन’ काढणाऱ्या मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

जुनी कॉमिक्स दुर्मीळ झाली कारण ती जपायची असतात असं कुणाला वाटलंच नाही. हे मुद्दाम घडवून आणता येत नाही.

अमर चित्रकथा गोळा करणार असाल तर आणखी एक. तिथे ‘पहिला नंबर’ शोधू नका. पहिल्या दहा नंबरांवर परदेशी परीकथा होत्या. आपल्या मनातली अमर चित्रकथा सुरू होते अकराव्या नंबरावर, ‘कृष्ण’, चित्रं राम वाईरकरांची. आणि हा अंक इतक्या वेळा पुन्हा छापला आहे की हातात आलेली प्रत पहिल्या छपाईची असण्याची शक्यता फार कमी. सुरुवातीच्या अंकांत पैसे वाचवायला पिवळा, निळा, हिरवा एवढ्याच रंगांवर भागवलं होतं. तुमच्या प्रतीत सगळे रंग खुलून आले असतील तर ती नंतरची. मागच्या पानावरची अंकांची यादीही बघा. त्यात पुढच्या काळातल्या अंकांची नावं असतील तर आत कुठलंही साल असो, छपाई नंतरची आहे. ही एक सवय लावून घ्या: आधी मागचं पान, मग मुखपृष्ठ.

उत्तर_नागपूर

सगळी चर्चा वाचली. महत्त्वाचं काय, यावर माझ्या घरातलं एक सांगतो.

आमच्याकडे कॉमिक्स येत नसत. वडील गिरणीत होते, पुस्तकांसाठी पैसे काढायचे ते शाळेच्या. पण एका विजयादशमीला दीक्षाभूमीवरून येताना त्यांनी माझ्यासाठी एक अंक आणला. अमर चित्रकथेचा बाबासाहेबांवरचा. १९७९ मध्ये पहिल्यांदा निघाला तो, चित्रं दिलीप कदमांची. आमच्याकडे आला तो हिंदी होता.

तो अंक आईनं कपाटात, कागदपत्रांच्या फायलीशेजारी ठेवला. हात धुऊन वाचायचा असा नियम होता. शेजारची मुलं आमच्या घरी येऊन, चटईवर बसून, तो वाचायची. तळ्याचं पाणी प्यायला मिळत नाही, गाडीवाला गाडीतून उतरवतो, हे सगळं आम्ही वडिलांकडून ऐकलं होतं. पण ते रंगीत चित्रांत, राजा-राण्यांच्या आणि देवांच्या गोष्टी छापणाऱ्या त्याच मालिकेत, त्याच आकाराच्या अंकात छापलेलं बघणं वेगळं होतं. आमच्या बाबासाहेबांचा नंबर त्या यादीत लागला होता. माझ्या बहिणीनं मागच्या पानावरच्या यादीत त्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे, ती अजून आहे.

बाजारात त्याला फार पैसे येणार नाहीत हे मला माहीत आहे, प्रती पुष्कळ आहेत, आणि आमची पहिल्या छपाईची आहे की नाही तेही मी कधी तपासलं नाही. पण नागपुरात जुन्या कॉमिक्सचं महत्त्व हा विषय निघाला आणि हा अंक त्यात नसला तर ती चर्चा अर्धी राहील, म्हणून लिहिलं.

दंडकारण्य

दादा, जय भीम. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पहिली छपाई आहे की नाही ते आता तपासून घ्याच. बाजारासाठी नको, घरासाठी.

इतवारीकर

कालपासून लिहायचं राहिलं, क्षमस्व. आमचं बाइंडिंगचं काम आहे, वडिलांपासून. महाल-इतवारीतल्या अशा कितीतरी लायब्रऱ्यांचे खंड आमच्याकडेच बांधले जायचे, म्हणून तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

आता मुद्द्याचं ऐका. असा खंड कसा बांधत? अंकांच्या पिना काढायच्या, कारण पिना गंजतात आणि कागद खातात. पाचही अंक एकावर एक ठेवून ठोकून सरळ करायचे. कडेपासून बोटभर आत दाभणानं भोकं पाडायची, आणि आडव्या शिलाईनं दोरा आरपार घ्यायचा. पाठीला सरस लावून कापड चिकटवायचं. पुठ्ठा लागायच्या आधी तिन्ही बाजू कटिंग मशीनवर कापायच्या, म्हणजे कडा एकसारख्या दिसतात. आता तुम्ही समजून घ्या. तुमच्या अंकाच्या तिन्ही कडा कधीच्याच गेल्या आहेत. सोडवलात तरी तो मूळ मापाचा होणार नाही. शिलाईची भोकं राहणार, पिना नाहीत, पाठीला सरस. कागदवेडा साहेब म्हणतात तसा कारागीर मीच आहे, मला सोडवता येईल, पण सोडवून तुमच्या हातात येईल तो कापलेला, भोकं पडलेला सुटा अंक. त्या गृहस्थांना हे माहीत आहे का, ते आधी विचारा.

खात्री करायची असेल तर त्याच काळातला एखादा न बांधलेला अंक शेजारी ठेवा आणि पट्टीनं मोजा.

आता जपण्याबद्दल. हे नागपूर आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कागद आधीच अखबारी, त्यात लाकडाचा लगदा, तो उन्हानं पिवळा पडून कुरकुरीत होतो. लोक म्हणतात उन्हाळ्यात दमट हवा नाही, कागद सुरक्षित. साफ चूक. आपण सगळे कूलर लावतो. कूलर ओल्या ताट्यांतून हवा फेकतो, खोलीत दिवसरात्र ओल असते. बाहेर सगळं भाजून निघतं आणि आत कपाटामागच्या भिंतीला हात लावला तर गार, दमट. मी पाहिलेली निम्मी बुरशी पावसाळ्यातली नाही, कूलरच्या खोलीतली आहे. कॉमिक्सचं कपाट कूलर नसलेल्या खोलीत ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे.

फाटलं तर सेलोटेप लावू नका. दहा वर्षांत टेप सुटून पडते आणि डिंक तपकिरी होऊन पानात मुरतो, तो मग निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. पिशव्यांसाठी गांधीबागेत शर्टाच्या पॅकिंगच्या पॉलिप्रॉपिलिनच्या पिशव्या मिळतात, त्या चालतात. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या नकोत. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कपाटाच्या कोपऱ्यात पुरचुंडी करून, कागदाला टेकवून नाही.

महालचा_वाचक

इतवारीकर भाऊ, उठून मोजलं. १९७७ चा एक सुटा अंक माझ्याकडे आहे. खंडातला अंक उंचीला ८ मिलिमीटर आणि रुंदीला ५ मिलिमीटर कमी भरला. पान चौदावर वरच्या फुग्यातल्या अक्षरांच्या माथ्यावरून पातं गेलंय. इतके दिवस तो खंड समोर होता आणि हे मला दिसलं नाही.

कागदवेडा

मग माझा सल्ला मी मागे घेतो. कापलेल्या कडांचा विचार मी केलाच नव्हता. अमेरिकेत ‘हल्क’चा १८१ वा अंक आहे, नोव्हेंबर १९७४, व्हुल्व्हरिन त्यात पहिल्यांदा पूर्ण कथेत दिसला. त्या अंकात मुलांनी कापून चिकटवायचं एक छोटं तिकीट छापलेलं होतं. तिकीट कापलेल्या प्रतीची किंमत एकदम खाली येते, बाकी अंक कितीही चांगला असो. आपल्याकडे इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांवर मागच्या बाजूला पोस्टर असायचं, कितीतरी घरांत ते भिंतीवर गेलं आणि अंक मागच्या पानाविना राहिला. पूर्ण असणं म्हणजे काय, ते अशा ठिकाणी कळतं.

प्राची_धरमपेठ

एक विचारू का? रागावू नका. ज्या काकांकडून तुम्ही हे वजनावर घेतलं, त्यांना तुम्ही सांगितलंत का की एका अंकाला एवढे पैसे येत आहेत? फोडायचं की नाही हा प्रश्न नंतरचा आहे, असं मला वाटतं.

महालचा_वाचक

नाही सांगितलं, ताई. उद्या जातो.

महालचा_वाचक

जाऊन आलो. धागा वर काढतोय, कारण जे कळलं ते इथेच लिहायला हवं.

काका आता धाकट्या मुलीकडे नंदनवनला आहेत. खंड सोबत नेला होता. त्यांना रक्कम सांगितली, आणि विकला तर अर्धे पैसे तुमचे, असं म्हणालो. त्यांनी रकमेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. खंड हातात घेतला, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘हे माह्या हातची नंबरिंग हाय. बाइंडिंग इतवारीतून केली होती.’’

मग मी विचारलं, बहादूरचा पहिला अंक मधोमध का? सुरुवातीला का नाही? ते म्हणाले, ‘‘बाबू, पोट्टे बहादूरसाठी भांडत. सुटा ठेवला असता तं एका महिन्यात पानं पानं झाला असता. मंग मी काय करो, ज्याले जास्त मागणी तो अंक मधात टाको. आजूबाजूचे चार त्याले सांभाळत. वरचं पान फाटे, खालचं फाटे, मधातला राहे.’’

मी घरी येऊन सगळे खंड पुन्हा उघडून बघितले. खरंच तसं आहे. प्रत्येक खंडात वरचा आणि खालचा अंक झिजलेला, कोपरे गोल झालेले, आणि तिसरा अंक सगळ्यात ताठ. तीन खंडांत मधे बहादूर आहे, बाकीच्यांत बहुतेक वेताळ. एका खंडात मधे मॅन्ड्रेक आहे, त्याचं कारण आता काकांना विचारायला हवं.

मुलीनं चहा आणला तेव्हा काका म्हणाले की पुठ्ठ्याच्या आत बघ, तिथे चिठ्ठी असेल. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कागद खळीनं चिकटवलेला आहे, त्यावर ओळीनं तारखांचे शिक्के. मी तो दहा वेळा पाहिला असेन, पण हिशोबाचा कागद म्हणून सोडून दिला होता. मार्च १९७७ पासून सुरू होतो. एप्रिल आणि मेच्या रांगा इतक्या दाट आहेत की शिक्क्यांवर शिक्के पडलेत, जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली की एकदम विरळ. दिवाळीत पुन्हा दाट. कागद भरला म्हणून त्यावर दुसरा चिकटवला आहे आणि तोही भरला आहे.

खंड फोडला असता तर पुठ्ठा पहिल्यांदा निघाला असता, आणि चिठ्ठ्या त्याच्यासोबत.

त्या गृहस्थांना काल रात्रीच कळवलं की अंक कापलेला आहे, आणि मी तो सोडवणार नाही. त्यांनी समजून घेतलं, चिठ्ठ्यांचा फोटो मात्र मागितला आहे. काकांनी पैशांना नकार दिला, पण त्यांची नात सातवीत आहे, तिला बहादूर वाचायचा आहे. तिच्यासाठी पुढच्या रविवारी खंड घेऊन जाणार आहे, तिथेच बसून वाचेल.

इतवारीकर भाऊ, पाठीचं कापड खालच्या टोकाला थोडं सुटलंय. सरस लावायचा की खळ, तेवढं सांगा. आणि त्या वर्षांतली तुमच्या वडिलांची कामाची वही कुठे असेल तर जरूर बघा, काका म्हणतात बाइंडिंग इतवारीतलं आहे.

इतवारीकर

खळ लावा, पातळ, त्यात चिमूटभर मोरचूद घालून. सरस नको, पुन्हा कधी उघडायची वेळ आली तर निघत नाही. नाहीतर खंडच घेऊन या, मी करून देतो, पैसे नकोत. आणि पाठीच्या कापडाचा जवळून फोटो टाका, टाक्यातलं अंतर दिसेल असा. वडील दाभणाची भोकं नेहमी पाच पाडत, बाकीचे तीन पाडत.

महालचा_वाचक

पाच आहेत. आत्ता मोजली.